फोडशीतला रानकांदा

बनुबाई रानात जायची ती एकटी. वाटेत कुणी सोबत धरली, तर ती एखाद्या दगडावर बसकण मारायची, मिसरीची डबी काढायची, आणि सोबतीण कंटाळून पुढं गेली की मगच उठायची. चाईचा मोहर आधी कोणत्या वेलाला येतो, भारंगीची कोवळी पालवी कोणत्या ओघळीला सापडते, करटुलीचे वेल कोणत्या जाळीवर चढतात, हे तिच्या आईनं तिला दाखवलं होतं. तिनं मात्र चाळीस वर्षांत दुसऱ्या कुणाला दाखवलं नव्हतं. वाडीत कुणाला कावीळ झाली, बैलाचं पोट फुगलं, बाळंतिणीला दूध उतरेना, की माणूस आधी तिच्या दारात यायचं. ती पाला आतून कुटूनच आणायची. कशाचा, ते सांगायची नाही. "नाव घेतलं की गुन जातो," एवढंच म्हणायची.

भंडारदऱ्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, कड्याच्या पायथ्याशी चाळीस उंबऱ्यांची ती वाडी. बनुबाईच्या घरात चार माणसं. नवरा पुंजाराम कंबरेनं अधू, तो ओट्यावर बसून दोर वळायचा. मुलगा आदिनाथ, आणि तीन वर्षांपूर्वी प्रवरेच्या पाटाखालच्या गावातून आलेली सून रेश्मा. रेश्मा कामाला वाघीण होती, पण रानातलं तिला काही कळत नव्हतं. पहिल्या वर्षी ती दोनदा म्हणाली होती, "आत्या, मी येऊ का तुमच्यासंगं?"

"तू येऊन काय करशील? तुमच्याकडं भाजी बाजारात उगावती," बनुबाई म्हणाली होती. रेश्मानं पुन्हा विचारलं नाही.

त्या साली पाऊस महिनाभर रुसून बसला, आणि आषाढ लागल्यावर जो कोसळायला लागला तो दहा दिवस थांबला नाही. घाटातला रस्ता दोन ठिकाणी खचला. राजूरच्या बाजाराला जाणारी जीप बंद झाली. रोपं तर लावणीला आलेली, त्यामुळं पहाटेपासून जो तो चिखलात. घराघरात नुसतं भात आणि मिठाचं पाणी चाललेलं. अकराव्या दिवशी बनुबाईनं सासऱ्याच्या हातचं विणलेलं जुनं इरलं डोक्यावर घेतलं आणि रानाची वाट धरली.

धुकं असं की हात पुढं केला तर बोटं दिसू नयेत. पण धुक्याची तिला सवय होती. गेली दोन वर्षं तिला उन्हातही तसंच दिसत होतं, चाळणीतून बघावं तसं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सुईत दोरा ओवायला ती रेश्माच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "तुझी बोटं बारीक हायती." रानात तिला डोळ्याचं काम फारसं पडत नसे. पाय वाट ओळखायचे, बोटं पान ओळखायची.

फोडशीची, म्हणजे कांद्याच्या पातीसारख्या त्या रानभाजीची, तिची जागा कड्याखालच्या उतारावर होती. ती तिथं पोचली तर उतारच नव्हता. दरड कोसळून तांबडी माती आणि धोंडे खाली ओढ्यापर्यंत उतरले होते.  मग दरडीच्या कडेला राहिलेली मूठ-दोन मूठ फोडशी तिनं उपटली. घरापुरती झाली. पण एवढ्यानं भागणार नव्हतं. थोरल्या जावेच्या घरी द्यायची राहिली होती.

दोन्ही घरं वेगळी निघाली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. थोरला दीर वारला त्यालाही दहा. वेगळं निघाल्यापासून एक रीत चालत आली होती, की रानातली पहिली भाजी आधी आक्काच्या घरी जायची. आक्का म्हणजे जाऊ, रतनबाई. बनुबाई नवरी होऊन आली तेव्हा तिच्या डोक्यावरनं पहिल्यांदा पाणी रतनबाईनं घातलं होतं. दोन वर्षांपूर्वी रतनबाईच्या मुलानं, कल्याणनं, ट्रॅक्टर लावून बांध कोरला असं आदिनाथचं म्हणणं. आदिनाथनंच आधी कोरला होता असं कल्याणचं. कल्याणचा मोजणीचा अर्ज गेला, शिवीगाळ झाली, आणि दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. जावा-जावांचंही तुटलं. पण भाजी तुटली नाही. बनुबाई भाजी नेऊन त्यांच्या ओट्यावर ठेवायची आणि न बोलता परत फिरायची. रतनबाई आतून यायची आणि न बोलता उचलायची.

तर आक्कासाठी म्हणून ती वरच्या अंगाला चढली. तिथं ती सहसा जात नसे. एका सपाटीवर हाताला दाट, लुसलुशीत पात लागली. दरडीकडच्या भाजीपेक्षा ही कितीतरी भरदार. पावसानं बोटं बधिर झाली होती, नखं निळी पडली होती. तिनं पात ओढली, ती जमिनीलगत तुटून आली, बुडखा पांढरा दिसला, वास घेतला तर नुसता ओल्या मातीचा. तिला बरं वाटलं. भांडण असलं तरी हलकी भाजी दिली असं आक्काला वाटायला नको होतं. तिनं ओटी भरून घेतली. ही चांगली भाजी तिनं जावेच्या ओट्यावर ठेवली, आणि दरडीकडची खुरटी आपल्या घरी नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वावरात गुडघाभर चिखलात होती. तेवढ्यात शेजारची झुंबरबाई बांधावरून पदर सावरत पळत आली.

"बनुबाई, तुमच्या रतनबाईला झोळीतनं खचलेल्या रस्त्यापत्तुर अन् तिथनं जीपनं दवाखान्यात नेलं गं! रातभर उलट्या. तिची ती बारकी नात संस्कृतीबी वकत हुती. कल्यान भंडारदऱ्याला कामावर हुता, तो खचलेल्या रस्त्यापत्तुर फटफटीवर आला अन् घेऊन गेला."

"कशानं?" बाजूला रोपं लावणाऱ्या आदिनाथनं विचारलं.

"आशाताई म्हनती हिरीच्या पान्यानं. दहा दिस घान पानी उतरतंय हिरीत. तिनं औषध टाकलंय, समद्यास्नी पानी उकळून प्यायला सांगितलंय."

बनुबाई हातातली मूठ तशीच धरून उभी राहिली. मग रोपं खाली ठेवून ती बांधावर चढली आणि चिखलाच्या पायांनी जावेच्या घराकडं चालू लागली. दोन वर्षांत ती त्या घराचा उंबरा ओलांडून आत गेली नव्हती.

परसात कल्याणची बायको जया गोधड्या धूत होती. तोंड उतरलेलं, डोळे खोल गेलेले. बनुबाईला बघून ती क्षणभर गोंधळली, पण माणूस आजारी असल्यावर कुठं राग धरायचा, असं वाटून बोलली.

"काकू, मलाबी दोनदा झाली उलटी. पर आत्याबाईंचं लई वाईट हुतं. नुसत्या गार पडल्या हुत्या. अन् हे हात बघा माझे."

तिनं हात पुढं केले. मनगटापर्यंत लाल चट्टे उठले होते.

"हे कशानं गं?"

"काल तुमची भाजी निवडताना खाज सुटली. म्हटलं पावसाच्या पान्यानं आसंल."

 बनुबाई उकिरड्याकडं गेली. काल निवडून टाकलेले बुडखे आणि पिकली पानं राखेवर पडली होती. तिनं खाली बसून एक पान उचललं, डोळ्यांजवळ नेलं, पण डोळ्यांनी काही सांगितलं नाही. आज हात गरम होते. तिनं बुडखा बोटात चुरगळला. चिकट तार आली. फोडशीला तार येत नाही. तिनं तो लगदा मनगटाच्या आतल्या बाजूला घासला आणि तशीच बसून राहिली. थोड्या वेळानं तिथं मुंगी चावल्यासारखं झालं आणि कातडी तांबडी व्हायला लागली. तिनं पानाचं टोक जिभेवर ठेवलं आणि थुंकली.

रानकांदा होता. रानकांद्याच्या पातीला जनावरसुद्धा तोंड लावत नाही, हे तिच्या आईनं तिला ती सहा वर्षांची असताना सांगितलं होतं.

"जया, किती खाल्ली आक्कानं?"

"संस्कृतीनं एक घास खाऊन बाजूला सारली, कडू म्हनली. मी थोडीच खाल्ली. तिच्या ताटातलीबी आत्याबाईंनीच खाल्ली. टाकू न्हाई म्हनल्या." जयाचा हात थांबला. "का वो काकू?"

बनुबाईनं राखेवरची पानं गोळा करून पदरात बांधली. "जया, भाजीत रानकांदा आला," ती म्हणाली. "माझ्या हातनं आला." आणि जया काय बोलते ते ऐकायला न थांबता ती निघाली.

घरी आदिनाथ पाणी प्यायला आला होता. तिनं त्याला पदर सोडून दाखवलं. तो आधी समजला नाही. समजल्यावर त्यानं दार लोटून घेतलं.

"कोनाला बोललीस?"

"जयाला."

"आयो, येडी का खुळी तू! समदे म्हनतेत पान्यानं झालं, तर म्हनू दे ना. आपल्यावर कल्यानचा बांधाचा अर्ज चालू हाय. लोक काय म्हनतील? बांधापायी जावंला इख घातलं म्हनतील. पोलीस घेऊन जातील तुला."

"डाक्टरला ठावं न्हाई तिनं काय खाल्लंय ते."

"डाक्टर हाय तो. त्याला कळंल."

"पान्यानं झालं म्हनून पान्याचंच औषध देईल," बनुबाई म्हणाली. "पोट कुठं दुखतंय अन् लेप कुठं, असं झालं तर?"

पुंजाराम ओट्यावरून आत बघत होता. तो फार बोलणारा माणूस नव्हता. "जाऊ दे तिला," तो म्हणाला. "थोरल्या वहिनीनं मला भरवलंय."

आदिनाथ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. रेश्मानं कोपऱ्यातली प्लास्टिकची पिशवी आणली, पदरातली पानं त्यात भरली, आणि सासूच्या हातात दिली. "आत्या, मी येते खचलेल्या रस्त्यापत्तुर," ती म्हणाली. "तिथनं पलीकडं जीप मिळंल."

दोघी पावसात निघाल्या. रस्ता जिथं खचला होता तिथं रेश्मानं तिचा हात धरून तिला धोंड्यांवरून पार केलं. पाय कुठं टाकायचा ते रेश्मा सांगत होती, आणि बनुबाई पहिल्यांदाच कुणाचं तरी ऐकून पाय टाकत होती.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात कल्याण भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. मांडीवर संस्कृती झोपलेली, हाताला सलाईनची पट्टी. बनुबाईला बघून तो उठला नाही.

"तुमी कशाला आलाव?"

"डाक्टर कुठं हायती?"

डॉक्टर एक तरुण बाई होती. तिनं पिशवीतली पानं बाहेर काढून कागदावर पसरली, वास घेतला, मोबाईलवर फोटो काढले. "हे काय आहे आजी?"

"रानकांदा. फोडशीसारखीच पात आसती. भाजीत आली."

"किती खाल्ली त्यांनी?"

"दोन मानसांची."

डॉक्टरनं लगेच आत जाऊन पुन्हा नाडी धरली, कुणाला तरी फोन लावला, पानांचं नाव दोनदा सांगितलं. मग बाहेर येऊन कल्याणला म्हणाली, "यानं हृदय मंद होतं. त्यांची नाडी फार हळू चाललीये. मी उलटी-जुलाबाचे उपचार करत होते. आता लगेच नाशिकला न्यावं लागेल. मुलगी ठीक आहे, तिला इथंच ठेवू." आणि पुन्हा बनुबाईकडं वळून, "ही भाजी कुणी दिली होती?"

व्हरांड्यात आणखी पाच-सहा माणसं बसलेली होती. सगळ्यांनी माना वळवल्या.

"म्या दिली," बनुबाई म्हणाली.

कल्याणनं मुलीला बाकावर निजवलं. तो इतका सावकाश उठला की बनुबाईला वाटलं तो मारणार, आणि तिनं अंग आवळून घेतलं नाही. पण त्यानं मारलं नाही.

"आख्ख्या वाडीला पाला वळखून देती," तो माणसांकडं बघत म्हणाला, "अन् आमच्याच ताटात रानकांदा यतो व्हय? तुमच्या घरी कोनाला काय झालं न्हाई. झालं का?"

"न्हाई."

"ऐकलं का? न्हाई म्हनती. बांध पायजे हुता ना? घ्या. आईला घ्या अन् बांधबी घ्या."

तिला सांगायचं होतं की चांगली भाजी होती म्हणूनच तुमच्या घरी दिली. पण ते वाक्य तोंडापर्यंत आलं आणि तिला स्वतःलाच खोटं वाटलं. 

दवाखान्याच्या नियमाप्रमाणं पोलिसांना कळवावं लागलं. हवालदार आला, त्यानं टेबलावर वही ठेवली. नाव, वय, नातं. मग त्यानं विचारलं, "एवढी वर्षं ओळखता, मग काल कसं ओळखलं नाही?"

"धुकं हुतं."

डॉक्टर तिथंच उभी होती. तिनं चार पावलं मागं जाऊन हात वर केला. "आजी, बोटं किती?"

बनुबाईला पांढरा डगला दिसत होता. हातही दिसत होता. बोटं दिसत नव्हती.

"तीन," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं. डॉक्टर हसली नाही. ती जवळ आली, बॅटरी डोळ्यांत मारून बघितली. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. कधीपासून असं दिसतंय?"

"दोन वर्सं झाली," बनुबाई म्हणाली. एवढं बोलायला तिला फार कष्ट पडले. "दोन वर्सं धुक्यावानीच दिसतंय."

हवालदारानं ते लिहून घेतलं आणि तिच्या अंगठ्याला शाई लावली. बाहेर रतनबाईला अँब्युलन्समध्ये चढवत होते. बनुबाईला नुसतं हिरवं लुगडं जाताना दिसलं.

वाडीत बातमी तिच्याआधी पोचली होती. त्यानंतरचे दिवस तिला कुणी काही बोललं नाही, हेच जड गेलं. ती पाण्याला गेली की विहिरीवरच्या बाया एकदम लावणीबद्दल बोलायला लागायच्या. झुंबरबाईनं तिच्याकडून नेऊन वाळवून ठेवलेली कुर्डूची भाजी उकिरड्यावर टाकलेली बनुबाईच्या पायाला लागली, तेव्हा तिला कळलं. एक बाळंतीण तिच्याकडून मुळी घेऊन गेली होती. तिच्या सासूनं ती मुळी गाठोड्यासकट परत आणून ओट्यावर ठेवली. मुळी चांगली होती, शतावरीची. बनुबाईनं ती उचलून आत ठेवली. रस्ता दुरुस्त झाला तसे बाजारातले बटाटे आले. रानात भाजी वाढून जून होत होती, आणि कुणीही त्या वाटेला जात नव्हतं.

नाशिकहून खबर आली की रतनबाई जगली, पण आठ-दहा दिवस ठेवणार. कल्याण तिच्याजवळ. जया संस्कृतीला घेऊन घरी आली होती. त्यांचं वावर तसंच पडलं होतं, पाण्यानं भरलेलं, चिखल करून ठेवलेलं. दाढीतलं, म्हणजे रोपांच्या वाफ्यातलं, रोप पावसानं कुजलं होतं. लावणीचे दिवस हातातून निसटत होते, आणि माणूस मिळत नव्हतं, कारण ज्याला त्याला आपलंच झेपत नव्हतं.

आपली लावणी उरकल्यावर दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला बनुबाई उठली आणि कल्याणच्या वावरात उतरली. आपल्या दाढीत उरलेलं रोप तिनं बरोबर नेलं होतं. कमरेत वाकून ती लावत चालली. इथं डोळे लागत नव्हते. अंगठा आणि दोन बोटं चिखलात रोवायची, की रोप उभं राहायचं. दोन ओळी झाल्या असतील, तेवढ्यात जया आली.

"काकू, बाहेर या."

"एवढी वळ होऊ दे."

"त्यांनी फोनवर सांगितलंय. तुमचा पाय आमच्या वावरात नको म्हनलेत." जया बांधावरूनच बोलत होती. "मला बोलायला लावू नका. या तुमी."

बनुबाई कंबर धरून सरळ झाली. चिखलातून एकेक पाय उपसत बाहेर आली आणि बांधावर उभी राहिली. तोच तो बांध, हातभर रुंदीचा, ज्याच्यावरून अर्ज गेला होता. तिला उतरून घरी जाता येईना आणि वावरातही जाता येईना.

रेश्मा मागून आली होती. तिनं साडीचा काष्टा मारला.

"जयाताई, माझा पाय चालतोय का?" तिनं विचारलं.

जया तिच्याकडं बघत राहिली. हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. रेश्मा चिखलात उतरली. थोड्या वेळानं जयाही उतरली. बनुबाई आपल्या दाढीतून रोप उपटायची, मुळं पाण्यात खळबळून मुठी बांधायची, आणि बांधावर उभी राहून पलीकडं फेकायची. कुठं पडली ते तिला दिसत नसे. "हिकडं, आत्या," रेश्मा ओरडायची, आणि त्या आवाजाच्या रोखानं ती पुढची मूठ फेकायची. तीन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी आदिनाथ आला आणि रोपाच्या मुठी वाहायला लागला. वावर लावून झालं. कल्याण परत आल्यावर त्यानं ते बघितलं.  मोजणीचा अर्ज मात्र त्यानं मागं घेतला नाही.

श्रावणात एक दिवस उघडीप मिळाली, तेव्हा बनुबाईनं रेश्माला हाक मारली. "चल."

"कुठं?"

"रानात."

दोघी वरच्या सपाटीवर गेल्या. बनुबाई खाली बसली आणि तिनं रेश्मालाही बसवलं. "हितं बघ. हात लाव. ह्यो रानकांदा. खाली कांदा आसतो, बुडख्याला तार यती, मनगटाला लावला की खाज सुटती. अन् ती फोडशी. तिला खाली बोटावानी मुळ्या. तार न्हाई. डोळ्यावर जाऊ नको. डोळा फसवतो."

रेश्मानं दोन्ही उपटून बघितली, चुरगळली, हुंगली. मग म्हणाली, "आत्या, हे मला आधी दाखवलं असतं तर?"

 बनुबाई हातातली पात नुसती सोलत राहिली. मग उठली आणि रेश्माला पुढच्या ओघळीकडं घेऊन गेली. भारंगी कुठं असते ते दाखवलं, मग करटुलीची जाळी, मग काविळीचं झाड. प्रत्येकाचं नाव ती मोठ्यानं घेत होती.

भादव्यात ऋषिपंचमी आली. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगरानं उगवलेलं खायचं नाही. रानात आपसूक उगवलेल्या भाज्यांची एकच भाजी करायची. वाडीतल्या बाया पहाटे अघाड्याच्या काड्यांनी दात घासून ओढ्यावर आंघोळी करायच्या आणि दरसाल बनुबाईच्या अंगणात मोठ्या पातेल्यात ही भाजी शिजायची. यंदा तिला कुणी विचारलं नाही. ज्यानं त्यानं आपापल्या घरी परसातला भोपळा आणि अळू शिजवायचं, असं विहिरीवर ठरल्याचं रेश्माच्या कानावर आलं होतं.

तरी बनुबाई आणि रेश्मा आदल्या दिवशी रानात जाऊन आल्या होत्या. तेरा म्हणजे रानअळू, कुर्डू, माठ, करटुली, भारंगीची फुलं. रेश्मानं बघून तोडली, बनुबाईनं हातानं चाचपली. सकाळी अंगणात चूल मांडली. पातेलं मात्र लहानच ठेवलं, चौघांपुरतं.

काठी टेकल्याचा आवाज आला. बनुबाईनं वर बघितलं. कोण आहे ते दिसलं नाही, पण चालणं तिनं ओळखलं. रतनबाई फार वाळली होती. दवाखान्यातून आल्यावर ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. मागं थोड्या अंतरावर जया उभी होती. झुंबरबाई आणि आणखी दोघी कुडाच्या पलीकडं थांबून बघत होत्या.

रतनबाई ओट्याच्या कडेला बसली. दम खाल्ला.

"सूप आन," ती म्हणाली.

रेश्मानं भाजीचं सूप तिच्यापुढं ठेवलं.

"आक्का, म्या निवडलीया," बनुबाई हळूच म्हणाली.

"तू दिलेली एकदा खाल्लीया मी."

रतनबाईनं एकेक पान उचलायला सुरुवात केली. उजेडाकडं धरायची, उलटं करून बघायची, देठ मोडायची, आणि बाजूला ठेवायची. चुलीतला जाळ विझत आला. रेश्मानं लाकूड पुढं सारलं. 

"कधीपास्नं दिसत न्हाई तुला?" सुपातून डोळे न काढता रतनबाईनं विचारलं.

"दोन वर्सं."

"अन् मला सांगितलं न्हाईस."

"बोलनं कुठं हुतं आपलं, आक्का."

रतनबाईचा हात थांबला. "त्या दिशी पयल्याच घासाला मला कडू लागली हुती," ती म्हणाली. "म्हटलं कुडावरनं आवाज द्यावा, बने, काय दिलंयस गं, म्हनून इचारावं. उठलेबी हुते." तिनं आणखी एक देठ मोडला. "मग खाल्ली तशीच."

बनुबाईनं पदर तोंडाला लावला.  रतनबाई पानं बघत राहिली. शेवटचं पान बघून झाल्यावर तिनं सूप रेश्माकडं सरकवलं. "टाक."

भाजी शिजली. रेश्मानं पहिलं ताट रतनबाईपुढं ठेवलं. कुडापलीकडून झुंबरबाई आत आली आणि भिंतीला टेकून बसली. दुसऱ्या दोघी आल्या नाहीत. जया तिथंच उभी राहिली. रतनबाईनं हात धुतले, ताटाला नमस्कार केला आणि एक घास तोंडात घातला. दात नव्हते, त्यामुळं ती तो खूप वेळ घोळवत राहिली. बनुबाई तिच्या तोंडाकडं बघत होती, आणि तिला काहीच दिसत नव्हतं.

"आक्का," तिनं विचारलं, "कडू लागती का?"

रतनबाईनं घास गिळला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

बनुबाई मीठ आणायला उठली.